दोरी लांब सोडावी

धरणाच्या भिंतीजवळून
सोमवार, ४ मे

प्रगती पोरी,

पत्रात आधी खुशाली विचारायची असते. तुझी खुशाली मला बाजारातनं कळते, म्हणून ते सोडते. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांचं मी ऐकत नाही.

तुझं लगीन येत्या रविवारी आहे हे मला तुझ्या सासूनं पोशेऱ्याच्या एका बाईच्या तोंडी कळवलं. तू कळवलं नाहीस. बापूस बोलत नाही म्हणून आजीशीही बोलायचं नाही, हा कुठला न्याय ते भेटल्यावर विचारेन.

वर्षभर तू नितीनच्या घरात नांदतेस, त्याचं मला काही नाही. आपल्यात आधी संसार, मग हातात चार पैसे आले की लगीन. माझं लगीन लागलं तेव्हा तुझा बापूस माझ्या कडेवर बसून खोबरं खात होता. पण लगीन म्हटलं की मांडव आला, आणि मांडवाला उंबराची फांदी पोरीच्या बापानं आणायची. ती काय तुझा सासरा आणणार? बघणारे काय म्हणतील ते म्हणोत, मला ते बघवणार नाही.

म्हणून लक्ष्याला, तुझ्या बापाला, मी घेऊन येते आहे. त्याला अजून ठाऊक नाही.

त्याला सांगितलं आहे की नाचणीचं बियाणं पोचवायचं आहे. ते खोटं नाही. गेल्या साली आपलं बियाणं किडलं, तेव्हा माझी बहीण धाकली आणि भाची गंगी, दोघींकडून मी आणलं होतं. ते पावसाआधी परत जायला हवं, वर ओंजळभर जास्त घालून. दोघींचेही पाडे पाण्याकाठी. जीप मला सोसत नाही हे लक्ष्याला माहीत आहे. मागे जव्हारच्या वाटेवर मी ज्याच्या मांडीवर ओकले तो माणूस अजून मला ओळख दाखवत नाही. तेव्हा होडीनंच जायचं, काठाकाठानं, पाड्यापाड्यानं. धाकलीचा पाडा, मग गंगीचा, आणि त्याच्या पुढे काय आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर तुझ्या डोंगरावर फोन लागत नाही. आणि लागला तरी मी होडीत कुठे लपून बोलू? या टोकाला मी खोकले तर त्या टोकाला तो पाणी देतो. लिहिलेलं बरं. लिहिण्याला आवाज नसतो. "काय लिहितेस?" म्हणून त्यानं विचारलं. म्हटलं, बियाणं कुणाला किती दिलं ते. "ते तर अजून दिलंच नाही," म्हणाला. म्हटलं, आधी लिहून ठेवलं की विसरत नाही.

तुझ्या आईला, प्रेमाला, सगळं माहीत आहे. तिनं बियाण्याच्या टोपलीत तळाशी तुझ्यासाठी लुगडं घातलं आहे आणि वर नाचणी ओतली आहे. ती घर आणि कोंबड्या सांभाळून रविवारी जीपनं येईल.

काही कळवायचं असलं तर गंगीकडे कळव. गुरुवारी आम्ही तिथे असू. हे पत्र जीपवाल्याच्या हाती देते आहे. त्यानं वाचलं तर त्याला माझा आशीर्वाद, आणि बोलला तर शाप.

आजी


धाकलीच्या पाड्यावरून
मंगळवार, ५ मे

पोरी,

होडीत इतका वेळ मी जन्मात बसले नव्हते. आपल्या घाटावरून पलीकडे जायचं म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंतचं काम. हे म्हणजे उन्हं डोक्यावर येऊन कलली तरी आपलं पाणीच. आधी वाटलं, काय बघायचं पाण्यात. मग वळणावळणानं डोंगर समोर यायला लागले तसं लक्षात आलं की जन्मभर यांची पाठच बघितली होती. पाण्यावरनं त्यांची तोंडं दिसतात. सूर्यमाळचा डोंगर तर दाढी न केलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो.

तुझा बापूस होडीच्या मशीनवर बसला की निराळा माणूस होतो. घरी भिंतीला टेकून बसतो तो हाच का, असं वाटतं. दोरी ओढून मशीन चालू करतो, दांडा काखेत धरतो, आणि तोंडावर उजेड असतो. दुपारी काठाला लावून तीन दगडांवर मी भाकरी टाकल्या, त्यानं मासे भाजले. करवंदं पिकली आहेत. एवढी खाल्ली की माझी जीभ काळी झाली. तो म्हणाला, आधीच कुठे गोरी होती.

आता काळजीचं. धाकलीनं सगळं वाटोळं केलंच होतं. ती माझी बहीण, पण तिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं. आम्ही उतरतो न उतरतो तोच म्हणाली, "लक्ष्या, बरं झालं आलास रे, बापाशिवाय कसलं..." मी तिच्या पायावर पाय दिला. गुडघा दुखतो पण टाच अजून शाबूत आहे. ती "आई गं" म्हणाली आणि पुढचं गिळलं. लक्ष्यानं विचारलं, कसलं काय? धाकली म्हणाली, बापाशिवाय घर. आमचा बापूस मरून किती वर्षं झाली ते तिलाही आठवत नसेल. लक्ष्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि होडी बांधायला गेला.

बांधताना मी त्याच्याकडे बघत होते. तुला सांगते, पोरी, त्यानं वर्षभर तुझं नाव घेतलेलं नाही. पण दोरीबद्दल बोलतो. कोणी घरी आलं, चहा घेतला, की सुरू. गेल्या उन्हाळ्यात तू त्याची होडी घेऊन पलीकडे गेलीस, नितीनचा हात धरून डोंगर चढलीस, आणि होडी बांधलीस ती हातभर दोरीनं. आपलं पाणी आपलं कुठे असतं? खाली शहर पितं. आपण झोपतो आणि पाणी काठ सोडून उतरून जातं. सकाळी होडीचं नाक वर खुंट्याला लटकलेलं आणि मशीन खाली चिखलात रुतलेलं. पंखा वाकला, मशीनमध्ये गाळ गेला. सगळा पाडा बघायला आला होता. "ज्या पोरीला मी लहानपणापासून सांगितलं, दोरी लांब सोडावी, तिनं आखूड बांधली," एवढंच तो सांगतो. तू गेलीस हे सांगत नाही.

मी एकदा म्हटलं, पोरगी पळाली ते बाजूला, तुला दोरीचं दुःख. तेव्हा तो म्हणाला, "घाई होती तिला. माझ्यापासून लांब जायची एवढी घाई." नंतर उठून गेला.

बघ बाई. मी काही म्हणत नाही.

नितीनला पोहता येत नाही म्हणतात, ते खरं का? धरणाकाठच्या पोरीनं असा नवरा केला म्हणजे कमाल आहे.

आजी


गंगीच्या पाड्यावरून
गुरुवार, ७ मे

प्रगती,

तुझी चिठ्ठी गंगीनं मला चुलीमागे नेऊन दिली. दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला.

"आजी, बाबांना फसवून आणू नको. फसवून आणलेला माणूस मांडवात बसला काय, न बसला काय. त्यांना यायचं असेल तर येऊ दे. नाहीतर तू एकटी ये." तुझं अक्षर छान आहे. शाळेत घातल्याचं चीज झालं, आजीला शिकवायला लागलीस.

उत्तर नंतर देते. आधी काय झालं ते सांगते, कारण त्याशिवाय उत्तर कळणार नाही.

काल आम्ही अडकलो. चूक कुणाची ते तू ठरव. धाकलीच्या पाड्यापासून पुढे पाणी उथळ, आणि धरणात गेलेल्या रानाची थोटकं पाण्याखाली उभी. दिसत नाहीत. मी लक्ष्याला म्हटलं, उजवीकडे घे, धरण व्हायच्या आधी इथून बैलगाडीची वाट होती, मी याच वाटेनं माहेरी गेले आहे, वाटेवर झाड कसं असेल? त्यानं घेतलं. आणि खाडकन आवाज. मशीन नुसतं ओरडायला लागलं, होडी जागेवर. वाटेवर झाड नव्हतंच. वाटेच्या कडेला ऐनाचं झाड होतं, ते मी विसरले होते. वाट मी बरोबर सांगितली होती, चार हात इकडेतिकडे.

पंख्याची पिन तुटली. दुसरी पिन नाही. तुझ्या बापानं मशीन वर घेतलं आणि डब्यातून एक खिळा काढला. तो खिळा पिनेच्या जागी ठोकला, जास्तीचा कापला. तू हे काम करायचीस ना? मला आठवतं, तू एवढीशी होतीस आणि तोंडात खिळे धरून बसायचीस, आणि मी ओरडायचे की गिळशील.

खिळा ठोकून झाल्यावर त्यानं मशीन खाली सोडलं, पण चालू केलं नाही. होडीच्या नाकाकडे बघत बसला. तिथे बियाण्याची टोपली होती. मग म्हणाला, "पुढे बघणारं माणूस नाही, आई. पगी असती तर तिला दिसलं असतं."

वर्षानं तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, मी बसते पुढे. म्हणाला, तुला समोरचा डोंगर दिसत नाही, थोटकं काय दिसणार. पण बसले. गंगीच्या घाटापर्यंत मी नाकावर बसून पाण्यात बघत आले. एक थोटूक मला दिसलं. तो पाणकावळा निघाला.

आता तुझं उत्तर. तू म्हणतेस फसवू नको. पोरी, फसवलं नसतं तर तो घराच्या भिंतीला टेकून अजून दोरीचं सांगत बसला असता. माणसाला उठवायला कधीकधी खोटं लागतं, जसं बैलाला उठवायला शेपूट. पण बैल उभा राहिल्यावर शेपूट पिरगाळत राहिलं तर तो लाथ मारतो, हेही मला कळतं. म्हणून तुझं ऐकते. सवय करून घेऊ नको.

उद्या पाणी संपून नदी लागेल. तिथे मी त्याला सगळं सांगेन. त्याला होडी फिरवायची तर तिथून फिरवेल. तो फिरला तर मी उतरून चालत येईन, लुगडं डोक्यावर घेऊन. उशीर झाला तर समज की गुडघे फिरले, आजी नाही.

गंगीचं बियाणं दिलं. टोपलीत आता दोन मुठी नाचणी उरली आहे आणि लुगड्याचा काठ दिसायला लागला आहे. वर फडकं टाकलं आहे.

आजी


नदीवरून, खडकावर बसून
शुक्रवार, ८ मे

पोरी,

हे पत्र न्यायला इथे माणूस नाही, बगळे आहेत. पुढे कोणी भेटलं तर देईन. लिहिते मात्र आत्ताच, कारण नंतर मी जास्त शहाणी होऊन लिहीन.

सकाळी पाणी अरुंद होत गेलं. दोन्ही अंगाला डोंगर इतके जवळ आले की मशीनचा आवाज आमच्याच अंगावर परत यायला लागला. मग डोह आणि खडक, डोह आणि खडक. डोहात मशीन, खडकावर ओढायचं. तुझ्या बापानं मशीन काढून खांद्यावर घेतलं, पलीकडे ठेवलं, परत येऊन होडी ओढली. मी टोपली नेली. मला म्हणाला, टोपलीत दोन मुठी नाचणी, मग एवढी जपून का चालतेस? मी म्हटलं, बियाणं आहे, सांडायचं नसतं.

दुसऱ्या खडकापाशी तो दम खायला बसला. मी म्हटलं हीच वेळ. ओल्या खडकावर उभं राहून सांगितलं, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. म्हटलं, लक्ष्या, बियाणं वाटून झालं. पुढे कोणाचं देणं नाही. पुढे पगीचा पाडा आहे, परवा तिचं लगीन आहे, आणि मी तुला खोटं सांगून इथवर आणलं. पोरीनं कळवलं आहे की फसवून आणू नको. तेव्हा फिरायचं तर इथून फिर. मी पायी जाते.

मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं. तो पाण्यात पाय सोडून बसून राहिला. पायांशी मासे येत होते, ते बघत होता. नंतर म्हणाला,

"आई, या पाण्याला दोनच टोकं आहेत. एकीकडे भिंत आणि दुसरीकडे ती. भिंतीकडून निघाल्यावर मी कुठे चाललो ते मला कळलं नसेल का?"

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस?

"तू एवढी मजेत लिहीत होतीस," म्हणाला.

पोरी, मी म्हातारी झाले. मला लोकांना फसवता येत होतं, तो काळ गेला.

म्हटलं, म्हणजे येतोस? तो उठला आणि होडी ओढायला लागला. हो म्हणाला नाही, हे लक्षात ठेव. पण ओढत होता ती वरच्या बाजूला.

पुढच्या डोहाच्या काठी उंबराचं झाड आहे. खालून वरपर्यंत लगडलेलं, खाली उंबरांचा सडा. तिथे त्यानं होडी लावली, कोयता घेऊन गेला, आणि हिरवीगार सरळ फांदी तोडून आणली. चांगली बघून, दोन टाकून तिसरी. होडीत आडवी ठेवली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, तुला ऊन लागतं, सावलीला.

ऊन मला चार दिवस लागत होतं.

मी फांदी डोक्यावर धरली आणि सावलीत बसले. पण त्या फांदीला एकही पान कमी होऊ दिलेलं नाही.

आजी


तुझ्या पाड्याच्या खालून, नदीकाठावरून
शनिवार, ९ मे, सकाळी

प्रगती,

हे पत्र आणि कालचं, दोन्ही तुमच्या पाड्यावरच्या माघ्याच्या हाती देते. तो बकऱ्या घेऊन वर निघाला आहे. त्यानं सांगितलं तुझं घर कुठलं ते. मांडवाच्या मेढी रोवल्या आहेत म्हणाला, आणि नितीन स्वतः खड्डे खणत होता म्हणाला. बरं आहे. पोहत नाही तर निदान खणतो.

आम्ही खाली आहोत. काल उन्हं असतानाच आलो. मी म्हटलं, चल वर. तुझा बापूस म्हणाला, "बोलावल्याशिवाय कसा जाऊ? मी तिला बोलावलं नाही वर्षभर." मी म्हटलं, मी बोलावते तुला. म्हणाला, तुझं घर नाही ते.

हे असं आहे. एवढं पाणी कापून आला, खडकावरनं होडी खांद्यानं ओढली, आणि आता ही एवढी पायवाट त्याला चढवत नाही. वर जाऊन कोणी तोंड फिरवलं तर, ही भीती. ती बोलून दाखवणार नाही, म्हणून मी लिहिते. तुझंही तसंच असणार. तुम्हा दोघांना एकाच मातीनं घडवलं आणि भाजताना दोघांनाही जास्त भाजलं.

पण काल काय झालं ते ऐक. आधी त्यानं होडी त्या मोठ्या खडकाच्या आडोशाला लावली होती, वरून कोणाला दिसू नये अशी. मग माघ्याला विचारलं, इथल्या बाया पाण्याला कुठून उतरतात? माघ्या म्हणाला, विहीर होळीलाच आटली, आता सगळ्या नदीवर येतात, त्या जांभळीच्या वाटेनं. लक्ष्या म्हणाला, बरं. माघ्या गेल्यावर त्यानं होडी सोडली, वल्ह्यानं वळवली, आणि बरोबर जांभळीच्या वाटेखाली आणून लावली. मला म्हणाला, तिथे डास होते.

सकाळपासून तो मशीन पुसतो आहे. पुसून झालं की परत पुसतो. वाटेवर दगड घरंगळला की मान वर करतो. बाया येऊन गेल्या, तू नव्हतीस. त्यानं कोणाला विचारलं नाही. एका पोरीनं विचारलं, पाव्हणं कुठले? तो म्हणाला, खालच्या टोकाचे.

उंबराची फांदी त्यानं पाण्यात उभी करून ठेवली आहे, सुकू नये म्हणून. लुगडं मी टोपलीतून काढलं. नाचणीचे दाणे घडीत अडकले आहेत, नेसताना झटक. प्रेमा उद्या येते आहे. तिला आत्ताच सांगू नको की लक्ष्या खाली बसून राहिला होता. नाहीतर जन्मभर हसेल.

मी हे लिहीत होते तर तो जवळ आला. पत्र लपवलं नाही. आता काय लपवायचं. त्यानं वाचायला मान वाकवली नाही, नुसता उभा राहिला. मग दोरी दाखवली. जांभळीच्या बुंध्याला बांधून तिथून पाण्यापर्यंत दोरी वेटोळी घालून पडली आहे. एवढी दोरी त्यानं आपल्या घाटावरही कधी सोडलेली नाही.

म्हणाला, "ते बियाण्याचं लिहितेस ना, त्यात हेही लिही. दोरी लांब सोडली आहे. पाणी उतरलं तरी होडीला काही होत नाही. मला परत जायची घाई नाही."

लिहिलं.

आता तू खाली ये. बोलवायला म्हणून येऊ नको, तुला ते जमणार नाही आणि त्याला ते सोसणार नाही. पाण्याला म्हणून ये. मोठा हंडा आण. भरलास की तो उचलेल आणि तुझ्या मागून वर येईल. फक्त त्याला उचल म्हणू नको.

मलाही हात देशील तर बरं होईल. वाट उभी आहे.

आजी